सशावरच चालणारं मशीन

१

माणूस मेला की त्याला तपासायला डॉक्टर असतो. त्याला मारणारं मशीन तपासायला मी असते. पगार विमा कंपनी देते, पदवी भिंतीवर आहे आणि मल्टिमीटर पर्समध्ये. साइटवरची माणसं मला तोंडावर मॅडम म्हणतात, पाठ वळली की चौकशीबाई. मला दोन्ही चालतं. खोटं बोललेलं मात्र चालत नाही, आणि माझ्याशी बहुतेक सगळे खोटंच बोलतात.

पोकलेन, म्हणजे खणायचं मशीन, चराच्या काठावर उभं होतं. खाली चरात एक पाइप अर्धवट बसवलेला तसाच पडला होता. तो बसवणारा माणूस बूमच्या, म्हणजे मशीनच्या लांब हाताच्या, टोकाच्या बकेटखाली चिरडून मेला होता. घरात धाकटा, म्हणून साइटवरही सगळे त्याला धाकटाच म्हणायचे. आणि मशीनवर बसलेला ऑपरेटर त्याच्या सख्ख्या बहिणीचा नवरा.

"स्वतःच्या मेव्हण्याला मारलं हो," साइटचा इंजिनिअर म्हणाला. त्याला सगळे साहेब म्हणत, आणि तोही स्वतःला तेच समजत असे. "सेफ्टी लिव्हर वर केलं नाही, पाण्याची बाटली घ्यायला मागे वळला, जॅकेट जॉयस्टिकला अडकलं आणि बूम खाली आला. आता म्हणतोय, लिव्हर वर केलं होतं. कसं शक्य आहे?"

शक्य नव्हतंच. सीटशेजारचं ते लिव्हर खाली असलं की एका कॉइलला करंट जातो, कॉइल तेलाची वाट उघडते आणि जॉयस्टिकमध्ये जीव येतो. लिव्हर वर केलं की करंट बंद, वाट बंद. मग जॉयस्टिक कितीही हलवा, मशीन ढिम्म. अपघातानंतर लिव्हर वर सापडलं होतं, पण त्यावरून काही सिद्ध होत नव्हतं. ते दारात आडवं येतं. वर केल्याशिवाय माणसाला उतरताच येत नाही. बोंब मारत उडी टाकतानाही ऑपरेटरनं ते वर केलं असणार.

मी केबिनमध्ये बसले. लिव्हर खाली, बूम हलला. लिव्हर वर, बूम मेला. पुन्हा पुन्हा करून पाहिलं, प्रत्येक वेळी तेच.

"कॉइलचं झाकण कुठे आहे?" मी विचारलं.

साहेब मला ऐटीत उजव्या बाजूला घेऊन गेला. झाकण डावीकडे होतं.

त्याचे तीन बोल्ट पान्यानं सोडवावे लागले, चौथा बोटांनीच निघाला. आत एका लोखंडी ठोकळ्यावर शेजारी शेजारी दोन कॉइल बसवलेल्या होत्या. त्यांचे प्लग जुळ्या भावांसारखे. ओळखायला एकावर पांढरी पट्टी, दुसऱ्यावर पिवळी. पांढरी सेफ्टी लिव्हरची, पिवळी चालण्याच्या वेगाची. पांढरा प्लग पांढऱ्या खुणेच्या कॉइलवर, पिवळा पिवळ्या खुणेच्या. करंट हवा तेवढा, हवा तिथे. ऑपरेटरचा कारभार आटोपल्यातच जमा होता.

"पोलिसांच्या तज्ज्ञाला सांगा, झाकण उघडलं की बोल्ट नीट आवळत जा," मी कुरकुरले.

"झाकण?" साहेब म्हणाला. "त्यानं झाकण उघडलंच नाही. केबिनमध्ये बसला, लिव्हर वर-खाली केलं, सही ठोकली, गेला. अपघातानंतर तिकडे कुणी हातही लावलेला नाही."

२

ऑपरेटर जामिनावर घरी होता. दार त्याच्या बायकोनं उघडलं. तिचे डोळे कोरडे होते, आणि ते रडण्यापेक्षा वाईट दिसत होतं.

तो खिडकीपाशी खुर्चीवर बसला होता. मी नमस्कार केला तरी त्याचं लक्ष नव्हतं. त्याचा डावा हात मांडीवरून उठत होता, मुठीत काहीतरी धरून वर ओढत होता आणि परत खाली येत होता.

"सारखं तेच चालू असतं," बायको म्हणाली. "जेवतानासुद्धा. झोपेतसुद्धा."

"मी वर केलं होतं," तो म्हणाला. त्यानं स्वतःच्या मुठीकडे बघितलं. मग म्हणाला, "बहुतेक."

परवापर्यंत तो छातीठोकपणे सांगत होता. सगळ्यांनी इतक्यांदा नाही म्हटलं की आता त्याचा स्वतःच्या हातावरचा विश्वास उडाला होता. मला त्याचा राग आला नाही. मला त्या 'बहुतेक'चा राग आला.

"सकाळपासून सांगा. सगळं. हातानं करून दाखवा."

तो डोळे मिटून करू लागला. "चावी फिरवली. ससा दाबला. लिव्हर खाली घेतलं. बकेट उचलली…"

वेगाच्या बटणावर ससा आणि कासवाचं चित्र असतं. ससा म्हणजे मशीन जोरात चालणार, कासव म्हणजे हळू.

"खणायचंय एका जागी उभं राहून, मग ससा कशाला?"

"तसंच करतो आम्ही," तो म्हणाला आणि पुढे सरकला. "चर झाला. धाकट्यानं हात केला. मी लिव्हर वर केलं. तो खाली उतरला. मी बाटली…" त्यानं डोळे उघडले.

बायको मला सोडायला दारापर्यंत आली. दार अर्धवट लोटून घेत हळू आवाजात म्हणाली, "मॅडम, तुम्ही काय लिहाल त्यावर हा तुरुंगात जाईल की नाही ते ठरेल, मला कळतं. पण मला तेवढ्याचं काही नाही. यानं लिव्हर वर केलं होतं का, एवढंच सांगा. केलं नसेल तर मी आईकडे जाते. कायमची. माझ्या भावाला ज्यानं निष्काळजीपणानं मारलं त्याला मी रोज जेवायला वाढू शकत नाही."

"आणि केलं असेल तर?"

"तर त्या रात्री दवाखान्यात याच्या तोंडावर मी जे बोलले, ते मला गिळावं लागेल."

"दवाखान्यात कोण कोण होतं?"

"आम्ही दोघं, आई आणि बाबा. बाबा म्हणजे त्याच कंपनीच्या वर्कशॉपमधले मिस्त्री. हा बाबांचे पाय धरून तेच तेच सांगत होता, ससा दाबलेला होता, लिव्हर वर होतं. बाबा एकदम उठले. म्हणाले, धाकट्याचे कपडे घेऊन येतो. बऱ्याच वेळानं आले ते रिकाम्या हातांनी. डोकं ठिकाणावर नव्हतं हो त्यांचं. कुणाचंच नव्हतं."

३

वर्कशॉपमध्ये मिस्त्री एकटा होता. पोटचा पोरगा जाऊन आठवडा झाला नव्हता आणि हा माणूस कामावर आला होता. घरी बसवत नाही, म्हणाला. चष्म्याच्या काचा जाड, हात मात्र अजून मजबूत.

"मशीनकडे जायचंय ना? डोकं झाकून जा," तो म्हणाला. भिंतीवर खुंट्यांना हेल्मेटं टांगली होती. "कामगारांची पिवळी, पाहुण्यांची पांढरी. घ्या." आणि त्यानं एक पिवळं हेल्मेट माझ्या हातात ठेवलं.

मी त्याच्याकडे बघितलं. बाई म्हणून टोमणा मारायची ही पद्धत मला नवीन नाही. पण त्याच्या तोंडावर टोमणा नव्हता. दुःखात माणसाला भान राहत नाही, असं म्हणून मी ते डोक्यावर चढवलं.

"मशीनचं शेवटचं काम तुम्हीच केलंत?"

"हो. त्या ठोकळ्यातून तेल गळत होतं, नवीन बसवला. साहेबांनी डोक्यावर उभं राहून घाई केली. काम थांबलंय, काम थांबलंय. लावला, जावयानं बकेट हलवून दाखवली, मशीन गेलं."

"वायरिंगचं काही?"

"वायरला मी हातही लावला नाही," मिस्त्री म्हणाला. जरा पटकनच म्हणाला.

"जावयाबद्दल काय वाटतं?"

तो चिंध्यांनी हात पुसू लागला. हात स्वच्छच होते. "पोरगा वाईट नाही. चुकतो माणूस. सवयीनं हात चुकतो. जाणारा गेला, आता कुणाला फासावर चढवून तो परत येणार आहे का? लिहून टाका अपघात होता म्हणून."

"अपघात असं लिहिता येत नाही. कुणाच्या चुकीनं, ते लिहावं लागतं."

"मग त्याच्याच," मिस्त्री म्हणाला आणि माझ्याकडे पाठ फिरवली.

४

दुसऱ्या पाळीच्या ऑपरेटरला सगळे घड्याळ म्हणायचे, कारण सुट्टी व्हायच्या आधीच तो कपडे बदलून तयार असायचा. पहिली पाळी आपल्याला मिळावी म्हणून तो ऑपरेटरशी भांडला होता, हे मला चार जणांनी न विचारता सांगितलं होतं. कुठे पाणी मुरत असेल तर इथेच, असं धरून मी गेले.

"माझ्यावर संशय आहे का?" त्यानं आल्या आल्या विचारलं.

"सगळ्यांवर आहे. तुमच्यावर जरा जास्त."

तो हसला. मग हसणं बरं दिसत नाही असं वाटून थांबला. "भांडलो होतो, खरंय. पण तो लिव्हर विसरणारा नाही. मी विसरेन. तो जेवायच्या सुट्टीतही एकदा जाऊन बघून यायचा."

"तुम्ही दोघं खणताना ससा का दाबता?"

"आता मशीनचा स्वभावच तसा, त्याला काय करणार! नवीन ठोकळा बसवल्यापासून ते सशावरच चालतं. कासवावर टाकलं की मेलं. जॉयस्टिक हलवा नाही तर हलवू नका. आणि उतारावर हळू न्यावं म्हणाल तर नाव नको. घोड्यासारखं पळतं."

माझ्या हातातला पेन तिथेच थांबला. "हे मिस्त्रींना सांगितलंत?"

"कशाला? काम होतंय ना! तक्रार केली की मशीन चार दिवस वर्कशॉपमध्ये, आणि साहेबांच्या शिव्या आम्हाला. चालणाऱ्या मशीनची तक्रार या धंद्यात कुणी करत नाही, मॅडम. एकदा कानाला खडा लावलाय."

मी त्याला घेऊन तडक चराकडे गेले. तो सीटवर बसला.

"कासव दाबा. लिव्हर खाली. आता बूम हलवा."

त्यानं जॉयस्टिक ओढली. बूम झोकात वर गेला.

घड्याळानं जॉयस्टिक झटकन सोडली. "देवाशपथ सांगतो, अपघाताच्या आदल्या संध्याकाळपर्यंत हे कासवावर हलत नव्हतं."

५

मी झाकणासमोर मातीतच बसले. पोरगा मेला त्या दिवसापर्यंत मशीन आजारी होतं. पोलिसांचा माणूस आला तोवर ठणठणीत. मधे कुणीतरी चार बोल्ट सोडवले, आत काहीतरी केलं, आणि घाईत एक बोल्ट तसाच सोडला. काय केलं?

सशावर चालतं, कासवावर मरतं. आणि लिव्हर खाली असलं की कायम पळतं. म्हणजे सशाचं बटण सेफ्टीच्या कॉइलला करंट देत होतं आणि सेफ्टीचं लिव्हर वेगाच्या कॉइलला. दोन जुळे प्लग, एकमेकांच्या जागी. एवढंच.

आणि एवढंच झालं तर पुढचं सगळं झालंच म्हणून समजा. ससा दाबलेला आहे तोवर जॉयस्टिक जिवंत. लिव्हर वर करा, खाली करा, काही फरक नाही. ऑपरेटरनं लिव्हर वर केलं, आणि त्या लिव्हरनं फक्त मशीनचा चालण्याचा वेग कमी केला. मशीन तर जागेवर उभं होतं. त्याला कळणार कसं?

मी प्लग काढून अदलाबदल केले आणि घड्याळाला ससा दाबायला लावून लिव्हर वर करायला सांगितलं. त्यानं बोटानं जॉयस्टिकला नुसता धक्का दिला, आणि बूम चराकडे झुकला. घड्याळ केबिनमधून उडी मारून बाहेर आला आणि तोंडाला पाणी मारायला गेला.

आता प्रश्न उरला तो, दुरुस्त कुणी केलं. घड्याळानं केलं असतं तर त्यानं मला हे आपणहून सांगितलंच नसतं. साहेबाला झाकण कुठल्या बाजूला आहे तेही ठाऊक नाही. ऑपरेटर? ते बिघडलेले प्लग हाच तर त्याच्या बाजूचा एकमेव साक्षीदार होता, तो त्याला कशाला पुसेल? उलट बिघाड पुसला गेल्यानं कुणाची सुटका होत होती, तर ज्यानं तो केला त्याची. ठोकळा बदलायचा तर दोन्ही प्लग काढावेच लागतात. आणि एक माणूस मला म्हणाला होता, वायरला हातही लावला नाही.

पण इतकी वर्षं काम केलेला मिस्त्री पांढऱ्या-पिवळ्यात चुकेल कसा? मी कपाळावरचा घाम पुसायला हेल्मेट काढलं आणि हातातल्या त्या पिवळ्या रंगाकडे बघत बसले. एरवी कामाचा शेवटचा धागा सापडला की मला बरं वाटतं. त्या दिवशी वाटलं नाही.

६

दुपारी मी तिघांना मशीनपाशी बोलावलं. ऑपरेटर, त्याची बायको आणि मिस्त्री. आईला आणू नका, असं बजावलं होतं. घड्याळाला आणि साहेबाला मी फाटकाच्या आत येऊ दिलं नाही.

ऑपरेटर सीटवर चढायला तयार होईना. शेवटी बायकोच म्हणाली, "बस. मला बघायचंय."

तो बसला. मी सांगितलं तसं करत गेला. ससा. लिव्हर खाली. मग त्याच्या डाव्या हातानं, जो हात इतके दिवस हवेतच काम करत होता, खरं लिव्हर धरलं आणि वर केलं.

"आता जॉयस्टिकला हात लावा."

"नको."

"लावा. खाली कुणी नाही."

त्यानं लावला. बूम झुकला. तो किंचाळला नाही. नुसता त्या वर उभ्या असलेल्या लिव्हरकडे बघत राहिला, मग बायकोकडे. "मी वर केलं होतं," तो म्हणाला. या वेळी पुढे 'बहुतेक' नव्हतं.

तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

मी दोन्ही प्लग काढले आणि मिस्त्रीच्या हातात दिले. "यातला पांढऱ्या पट्टीचा कुठला, तेवढं सांगा."

तो उन्हात उभा होता. प्लग त्यानं डोळ्यांजवळ नेले, लांब धरले, अंगठ्यानं पट्ट्या चोळल्या. हातांना सगळं येत होतं. फक्त तेवढंच येत नव्हतं.

"कधीपासून?" मी विचारलं.

"वर्ष झालं असेल. मोतीबिंदू." त्याचा आवाज सपाट होता. "सगळं पिवळंच दिसतं. कळलं असतं तर वर्कशॉपमधून काढलं असतं. मी म्हटलं, हात आहेत ना, हातांना पाठ आहे सगळं. जावयानं मशीन पळवत आणलं होतं, ससा दाबलेलाच होता. म्हणून बकेट हलली, आणि मला वाटलं झालं. लिव्हर वर करून बघायला हवं होतं. बघितलं नाही."

"बाबा," मुलगी म्हणाली, "दवाखान्यातून तुम्ही इथे आला होता?"

"हा म्हणाला ना, ससा होता आणि लिव्हर वर होतं. तेव्हा मला कळलं. मीच मारला त्याला." तो ऑपरेटरकडे न बघता बोलत होता. "बदलायचं कसं ते ठाऊक होतं, त्याला डोळे लागत नाहीत. इथला तिथे, तिथला इथे."

"आणि हा? हा तुरुंगात गेला असता!"

"तुझ्या आईचा एक पोरगा गेला," मिस्त्री म्हणाला. "तो मी मारला, हे तिला कळलं तर ती जगेल का? जावई काय, चारचौघांसारखी चूक म्हणून सुटला असता कधीतरी. मला वाटलं, एवढं एक खापर तो…"

"एवढं एक खापर!" ती ओरडली. "मी त्याला खुनी म्हटलं, बाबा! तुमच्यासमोर! तुम्ही तिथेच होता, आणि तुम्ही मूग गिळून बसलात!"

अहवालात मी काय लिहिणार ते तिघांनाही कळलं होतं, आणि त्याचं आता कुणाला फारसं पडलेलं नव्हतं.

तिनं पदरानं तोंड पुसलं. आवाज खाली आला, पण मऊ झाला नाही. "आईला तुम्ही सांगायचं. आज. मी शेजारी बसेन, पण एक शब्द बोलणार नाही." मग ती नवऱ्याकडे वळली, त्याचा डावा हात हातात घेतला आणि नुसती उभी राहिली. माफी तिनं मागितली नाही. त्यानंही ती मागायला लावली नाही. थोड्या वेळानं ती हात सोडून फाटकाकडे चालू लागली, मागे न बघता.

मिस्त्री तिच्या मागे निघाला. समोरच चराची कड होती, मातीच्याच रंगाची, आणि तो सरळ तिकडे चालला होता. मी ओरडणार होते.

माझ्या आधी ऑपरेटर पुढे झाला आणि त्यानं डाव्या हातानं म्हाताऱ्याचा दंड धरला.

"इकडून, बाबा," तो म्हणाला. "पुढे खड्डा आहे."